भाडेकरूचे आडनाव नको, घराची भिंत पाहा!

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात तिसरी भर घालायला हरकत नाही : घर पाहावे भाड्याने देऊन! आणि ते घर इंग्लंडमध्ये असेल, तर आपण मालक आहोत की कारकून, असा प्रश्न मालकाला पडावा इतके कागद सांभाळावे लागतात.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या समाजातील नर्स, डॉक्टर, इंजिनिअर झालेली बरीच मुले-मुली आज इंग्लंडमध्ये आहेत. पहिली पाच-सात वर्षे ती भाड्याच्या खोलीत काढतात. मग कर्ज काढून लहानसे घर घेतात. पुढे नोकरी दुसऱ्या गावी लागते आणि पहिले घर विकण्याऐवजी भाड्याने दिले जाते. कालचा भाडेकरू आज घरमालक होतो. मालक झाल्यावर त्याने कसे वागावे, हा प्रश्न आपल्याला परका नाही. खोली रिकामी असताना ‘आताच दिली हो’ हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे!

माझी एक मावसबहीण तिकडे सरकारी इस्पितळात नर्स आहे. वुल्व्हरहॅम्प्टन या गावात तिने दोन मजली, चाळीसारखे एकाला एक लागून असलेले घर घेतले. नंतर नवऱ्याची बदली झाली, दोघे दुसऱ्या शहरात गेले आणि घर भाड्याने द्यायचे ठरले. तिने सगळे कागद मला फोनवर पाठवले. म्हणाली, “दादा, तू बी.कॉम. झालास, आयुष्यभर खतावण्या लिहिल्यास. तूच बघ यातून काय उरतं ते.” त्या निमित्ताने मी हा विषय मुळापासून वाचला. येथे लिहितो ते फक्त इंग्लंडपुरते. स्कॉटलंड आणि वेल्सचे भाडेकायदे वेगळे आहेत.

दारावरची पाटी

दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज, भारत, पाकिस्तानातून कामगार इंग्लंडला गेले, तेव्हा काळ्या माणसांना खोली मिळणार नाही अशा पाट्या घरांच्या खिडक्यांत उघड लावल्या जात. ज्यांना कोणी खोली देत नव्हते, त्यांना लंडनच्या नॉटिंग हिल भागात पीटर रॅकमन नावाचा मालक खोली देई. पण दुप्पट-तिप्पट माणसे कोंबून आणि वाटेल ते भाडे घेऊन. जुन्या भाडेकरूंना हुसकावण्यासाठी तो दांडगटांचा वापर करी. १९६२ साली तो मेला. पण त्याच्या नावावरून ‘रॅकमनिझम’ हा शब्द इंग्रजी शब्दकोशात कायमचा जाऊन बसला. दार बंद करणारा एक आणि बंद दारांचा फायदा घेणारा दुसरा. मालकांच्या या दोन्ही जाती आपण इथेही पाहिल्या आहेत.

१९६५ चा वंशसंबंध कायदा आला, पण त्याने घर नाकारणे बेकायदा ठरवले नाही. १९६८ च्या कायद्याने वर्णावरून घर नाकारणे बेकायदा ठरले. आज हे सारे २०१० च्या समानता कायद्यात आहे. पाट्या गेल्या, मने बदलायला वेळ लागतो. केंट परगण्यातील फर्गस विल्सन या शेकडो घरांच्या मालकाने आपल्या एजंटाला लेखी कळवले होते की, गौरेतर भाडेकरू नकोत, कारण ते घर सोडून गेले तरी करीचा वास राहतो. म्हणजे आमच्या फोडणीचा वास! समानता व मानवी हक्क आयोगाने त्याला कोर्टात खेचले आणि २०१७ साली मेडस्टोनच्या कोर्टाने असे धोरण बेकायदा ठरवून त्याला मनाई हुकूम दिला.

पण जातीचे काय? तिथे घर देणारा अनेकदा आपलाच देशबांधव असतो. माझ्या बहिणीने पहिल्या वर्षी खोली शोधली, तेव्हा एका भारतीय कुटुंबाने फोनवर सगळे ठरवले आणि प्रत्यक्ष भेटीत विचारले, “गाव कोणतं? आडनाव काय? घरी मांसाहार चालतो का?” दुसऱ्या दिवशी खोली ‘दिली गेली’ होती. हा प्रसंग लंडनचा असला, तरी पुण्या-नागपूरच्या वाचकाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

ब्रिटिश संसदेने २०१३ साली जातीला समानता कायद्यात आणण्याचे बंधन सरकारवर घातले होते. सरकारने पाच वर्षे चर्चेत घालवली आणि २०१८ साली वेगळी तरतूद करणार नाही असे जाहीर केले. आधार दिला तो २०१४ मधील टिर्की खटल्याचा. ती बिहारमधील आदिवासी घरकामगार. तिच्या खटल्यात अपील न्यायाधिकरणाने म्हटले की, जात ही ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकते. ‘बसू शकते’ आणि ‘बसते’ यांत किती अंतर असते, हे ज्याने कोर्टाची पायरी चढली त्यालाच ठाऊक.

विचारायलाच हवा असा एकच प्रश्न

गंमत अशी की, जो कायदा मालकाला ‘वर्ण विचारू नकोस’ म्हणतो, त्याच देशाचा दुसरा कायदा ‘व्हिसा विचारल्याशिवाय घर देऊ नकोस’ म्हणतो. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने मालकाला जणू पोलिसपाटील केले. याला ‘राइट टू रेंट’ म्हणतात. त्याची सुरुवात डिसेंबर २०१४ मध्ये बर्मिंगहॅम आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या परिसरातच झाली. फेब्रुवारी २०१६ पासून तो साऱ्या इंग्लंडला लागू झाला. घरात राहणार असलेल्या प्रत्येक प्रौढाची तपासणी करार होण्याआधी करायची. ब्रिटिश माणसाचा पासपोर्ट पाहायचा, परदेशी माणसाने दिलेला शेअर कोड सरकारी संकेतस्थळावर टाकून खात्री करायची आणि त्याची प्रत जपून ठेवायची. चूक झाली तर फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्याच खेपेला माणशी दहा हजार पौंडांपर्यंत दंड.

इतका दंड डोक्यावर असला की भित्रा मालक काय करतो? ‘परदेशी नावाचा नकोच’ म्हणतो. २०१९ साली उच्च न्यायालयाने नेमके हेच म्हटले, की या योजनेमुळे भेदभाव घडतो. २०२० साली अपील न्यायालयाने भेदभाव घडतो हे मान्य करूनही योजना कायदेशीर ठरवली. म्हणून मालकाने सोपा नियम पाळावा : सर्वांना सारखेच कागद मागावेत. स्मिथलाही आणि सोनटक्केलाही. माझ्या बहिणीने तेच केले. घर मिळाले ते नायजेरियातून आलेल्या एका कुटुंबाला. नवरा-बायको वृद्धाश्रमात काम करणारे, दोन लहान मुले.

त्याआधीचे कागद भराभर सांगतो. घर स्वतः राहण्याच्या कर्जावर घेतलेले असेल तर बँकेची परवानगी घ्यायची, विमाही बदलायचा. गॅसच्या उपकरणांची तपासणी दरवर्षी, तीही गॅस सेफ यादीतल्या माणसाकडून. विजेच्या जोडणीची तपासणी पाच वर्षांतून एकदा. प्रत्येक मजल्यावर धुराची घंटा, गॅसचा बॉयलर असलेल्या खोलीत विषारी वायूची घंटा. घर किती उष्णता राखते याचा दाखला, त्यात किमान ‘ई’ श्रेणी हवी. पाच किंवा अधिक माणसे, एकाहून जास्त कुटुंबांतली, एकच स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वापरत असतील तर कौन्सिलचा परवाना लागतो. एका घरात सहा-सात विद्यार्थी ठेवणाऱ्या आपल्या मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावे. काही गावांत साध्या घरालाही परवाना लागतो.

कौन्सिलचा अधिकार किती लांब पोचतो, याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ या काळात भाड्याने राहिले. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले. पण राहत्या घराचे संग्रहालय करायला कॅमडेन कौन्सिलने नकार दिला, चौकशी बसली आणि २०२० साली वरून परवानगी मिळाली. एका राज्य शासनालाही तिथे ‘माझे घर, मी काहीही करीन’ म्हणता आले नाही.

डिपॉझिट कोणाचे?

आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार करायचा, डिपॉझिट घ्यायचे आणि ते मालकाने वापरून टाकायचे, ही रीत. घर सोडताना ‘रंग उडाला, नळ गळतो’ म्हणून त्यातले निम्मे कापून घ्यायचे, हीसुद्धा रीत. इंग्लंडमध्येही पूर्वी असेच चाले. २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने ते बदलले आणि एप्रिल २००७ पासून डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवणे सक्तीचे झाले. अशा तीन योजना आहेत. पैसे मिळाल्यापासून तीस दिवसांत ते तेथे सुरक्षित करायचे आणि कुठे ठेवले ते भाडेकरूला लेखी कळवायचे. न केल्यास भाडेकरू कोर्टात जाऊन डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम मालकाकडून मिळवू शकतो.

रक्कमही मनमानी नाही. २०१९ च्या कायद्याने बहुतेक घरांसाठी ती पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली. बहिणीच्या घराचे भाडे महिना ९०० पौंड. वर्षाचे १०,८००. त्याला ५२ ने भागून ५ ने गुणले की १,०३८ पौंड ४६ पेन्स. वर एक पेनीही घेता येत नाही. एजंटाची फी, करार लिहिण्याची फी, चौकशीची फी, हे सारे भाडेकरूकडून घेणे याच कायद्याने बंद झाले.

शेवटी वाद झालाच तर योजनेचा निवाडा करणारा माणूस पुरावा मागतो, आणि पुरावा मालकाने द्यायचा. कारण पैसे भाडेकरूचे. मालकाला हवे असतील तर त्याने हक्क सिद्ध करावा. म्हणून घर देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीची यादी आणि फोटो काढून दोघांच्या सह्या घ्याव्यात. वापरामुळे होणारी साधी झीज कापता येत नाही. दहा वर्षांचा गालिचा फाटला म्हणून नव्याची किंमत मागणारा मालक तिथे हरतो. माझ्या मते सगळ्या व्यवहारात ही एक गोष्ट आपल्या राज्याने जशीच्या तशी उचलावी अशी आहे.

ओल कोणामुळे?

दुसऱ्या हिवाळ्यात बहिणीच्या घराच्या मागच्या खोलीत भिंतीवर काळी बुरशी आली. एजंटाने भाडेकरूला न भेटताच अहवाल पाठवला : हे लोक फार वेळ शिजवतात, कपडे घरात वाळवतात, खिडक्या उघडत नाहीत, त्यांना ताकीद द्यावी.

हे वाक्य वाचून मला करीच्या वासाचा मालक आठवला. आणि त्याहून भयंकर एक गोष्ट. रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा जेमतेम दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये वारला. आईबाप सुदानमधून आलेले. घर एका गृहनिर्माण संस्थेचे. वडिलांनी बुरशीची तक्रार २०१७ सालापासून केली होती. संस्थेने दोष कुटुंबाच्या राहणीला दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निष्कर्ष दिला की, त्या घरातील बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे श्वसनाचा विकार होऊन मूल दगावले. ‘त्यांची राहणीच तशी’ हे तीन शब्द किती महाग पडू शकतात, हे आपल्या वस्त्यांमध्ये राहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. त्या मुलाच्या नावाने ‘अवाबचा कायदा’ झाला. सामाजिक घरांना तो २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला : धोक्याची ओल कळली की ठरावीक दिवसांत तपासणी आणि दुरुस्ती. खासगी मालकांनाही त्याच्या कक्षेत आणण्याची तरतूद झाली आहे. तसेही २०१८ च्या एका कायद्याप्रमाणे राहण्यास अयोग्य घर दिले तर भाडेकरू थेट कोर्टात जाऊ शकतो.

बहीण सुट्टी घेऊन स्वतः गेली. आपलेच घर, पण आत जायला किमान चोवीस तासांची लेखी सूचना द्यावी लागते, तीही दिली. पाहते तो काय, न्हाणीघरातील एक्झॉस्ट पंखा बंद पडलेला आणि छपराची पन्हळ तुटून पावसाचे पाणी नेमके त्याच भिंतीवर उतरत होते. भाडेकरूची बाई म्हणाली, पंख्याचे तीनदा कळवले होते. एजंटाने ते पुढे धाडलेच नव्हते. पंखा, पन्हळ आणि प्लास्टर मिळून ६४० पौंड गेले. ताकीदीचे पत्र गेले नाही. एजंट मात्र बदलला.

जमाखर्च

आता माझ्या आवडीचा भाग. ‘इंग्लंडमध्ये घर भाड्याने दिले आहे’ म्हटले की गावाकडे लोकांच्या डोळ्यांपुढे पौंडांची रास उभी राहते. हिशेब पाहा. वर्षाचे भाडे १०,८०० पौंड. कर्जाचे व्याज ५,०००. विमा, दुरुस्ती, तपासण्या, एजंट मिळून २,०००. हातात राहिले ३,८००. पूर्वी याच ३,८०० वर कर लागे. २०१५ मध्ये कायदा बदलला आणि २०१७ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने व्याजाची वजावट बंद झाली. आता कर लागतो ८,८०० वर, आणि मग व्याजाच्या वीस टक्के रक्कम करातून वळती होते.

२०२५-२६ च्या दराने वीस टक्क्यांच्या गटातल्या माणसाला कर येतो १,७६०, त्यातून १,००० वजा, भरायचे ७६०. उरले ३,०४०. पण पगार मोठा असून माणूस चाळीस टक्क्यांच्या गटात असेल तर कर ३,५२०, वजा १,०००, भरायचे २,५२०. उरले फक्त १,२८० पौंड! त्यातून वरचे ६४० काढा. दोन महिने घर रिकामे राहिले तर घरातून पैसे घालावे लागतील. माझी बहीण वीस टक्क्यांत बसते म्हणून निभावते. कायमचे भारतात परत येऊन तिकडचे घर भाड्याने ठेवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तिथल्या कर खात्याकडून आधी मंजुरी घेतली नाही, तर एजंट वीस टक्के कर कापूनच उरलेले पैसे पाठवतो.

नवा कायदा

१९८८ च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम २१ हे तिथल्या मालकांचे हुकमी पान होते. मुदत संपली की कोणतेही कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर भाडेकरूला घर सोडायला लावता येई. पंख्याची तक्रार करावी तर नोटीस यायची, म्हणून माणसे गप्प बसत. भाडेकरू हक्क कायद्याला २७ ऑक्टोबर २०२५ रोजी राजमान्यता मिळाली आणि कलम २१ रद्द होण्याची तारीख ठरली १ मे २०२६. आपल्याकडे हा कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन. योगायोग बरा जुळला.

या कायद्याने ठरावीक मुदतीचे करार जातात. भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही सोडू शकतो. मालकाला मात्र कायद्यात दिलेले कारण सिद्ध करावे लागते. घर विकायचे असेल किंवा स्वतः राहायला जायचे असेल, तर पहिले वर्षभर ते कारण चालत नाही आणि पुढे चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शिवाय ते कारण सांगून घर रिकामे केले तर पुढचे वर्षभर पुन्हा भाड्याने देता येत नाही. भाडेवाढ वर्षातून एकदाच, दोन महिने आधी लेखी कळवून. भाडेकरूला जास्त वाटली तर तो न्यायाधिकरणात जातो. जाहिरातीपेक्षा जास्त भाड्याची बोली घेणे बंद. लहान मुले आहेत किंवा सरकारी मदत मिळते म्हणून नकार देणेही बंद. नव्याने आलेल्या मुलांसाठी सर्वात मोलाची तरतूद म्हणजे एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडे मागता येत नाही. जामीनदार नाही म्हणून सहा-सहा महिन्यांचे भाडे एकदम भरणारी, त्यासाठी इथे आईचे दागिने मोडायला लावणारी पोरे मी पाहिली आहेत.

मालकांच्या तक्रारीही अगदीच खोट्या नाहीत. भाडे थकवणाऱ्याला बाहेर काढायचे तर तीन महिन्यांची थकबाकी हवी, मग चार आठवड्यांची नोटीस, मग कोर्टाची तारीख. तोवर बँकेचा हप्ता थांबत नाही. एकच घर असलेल्या नर्सला आणि शेकडो घरे असलेल्या धनिकाला एकच फूटपट्टी, हे मला पटत नाही.

बहिणीचा नवरा विकण्याच्या बाजूचा होता. नायजेरियन कुटुंबाची मोठी मुलगी जवळच्याच शाळेत जाते, भाडे दर महिन्याच्या एक तारखेला येते, आणि विकून हाती पडणारी रक्कम कर्ज फेडल्यावर फारशी नाही, हे तिघांनी फोनवर बसून मांडले. घर ठेवायचे ठरले. पुढची भाडेवाढ तीस पौंडांची. ते सांगायला तिने फोन केला, तेव्हा भाडेकरूने कळवले की मागच्या अंगणाच्या फाटकाची कडी निखळली आहे. नवी कडी त्याच आठवड्यात बसली. खर्च अठरा पौंड. पावती माझ्याकडे आली आहे, वहीत चढवली आहे.